एक उणा

आमच्या घरी जेवताना आई लोकांनी लिहून पाठवलेले असे गूढ अनुभव मोठ्याने वाचून दाखवते आणि ती शेवटाला पोचली की मी माझं ठरलेलं वाक्य टाकते — झोप कमी झाली असेल. नाहीतर ताप असेल. मी नर्सिंग शिकलेय. माणसाला नसलेले आवाज का ऐकू येतात याची यादी आमच्या पुस्तकात आहे आणि त्या यादीत भूत नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. शाळा पूर्ण इंग्लिश मीडियमची, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलेत. बाकी सगळं जसं झालं तसंच लिहिलंय.

आम्ही चंदीगडला सेक्टर ३० मध्ये राहतो. बाबा इंजिनिअर, मूळचे साताऱ्याचे. माझा जन्म मात्र इथलाच. आई मराठीत विचारते, मी हिंदीत उत्तर देते. हे इतकं सवयीचं झालंय की दोघींच्याही लक्षात येत नाही.

मी कमी बोलते. घमेंड नाही, राग नाही... माणसं असली की शब्द घशाशी येऊन थांबतात, एवढंच. शाळेत हे चालून गेलं. नर्सिंगमध्ये चालत नाही. इंटर्नशिपमध्ये मेडिसिन वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बेटा, काम तू पक्का करती है। पर मरीज़ को लगता है तू उससे नाराज़ है।" त्या प्रेमाने बोलल्या होत्या, म्हणून जास्त लागलं.

इंटर्नशिप संपत आली तेव्हा कुठल्या विभागात काम करायचं तो फॉर्म भरायचा होता. मैत्रिणींनी आपापल्या परीने सुचवलं. आयसीयू घे, तिथे पेशंट बोलत नाहीत. (पेशंट नाही बोलत, पण नातेवाईक दाराबाहेर उभेच असतात.) मी सगळ्यांना मान डोलावली आणि गुपचूप मोहालीच्या एका कंपनीत अर्ज केला. पेशंटच्या कागदपत्रांवर कॉम्प्युटरसमोर बसून आजारांचे कोड टाकायचे, दिवसभर हेडफोन. नोकरी मिळाली. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बाबा म्हणाले, चार वर्षं शिकून स्क्रीनसमोर बसणार? आई म्हणाली, बसू दे, निदान बाथरूममध्ये नळ सोडून रडणार तरी नाही. मला वाटायचं, ते कुणाला कळत नाही.

माझी शेवटची पोस्टिंग ऑपरेशन थिएटरमध्ये होती, दोन आठवडे. कुठल्या हॉस्पिटलमध्ये ते सांगत नाही. तिथे मला बरं वाटायचं, हे कबूल करते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, गप्पा मारायची कुणाची अपेक्षा नाही, सर्जनचा हात पुढे आला की काय हवंय ते ओळखायचं. ते मला जमत होतं. पण तिथेही सिनियर परमजीत दीदी म्हणायच्या, "तू है भी कि नहीं, पता ही नहीं चलता।" मला ती शाबासकी वाटायची.

आता सिस्टरआजींबद्दल सांगायला हवं.

मी लहान असताना आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये बाबांचे सहकारी, म्हणजे काका, आणि मेधाकाकू राहायचे. सिस्टरआजी म्हणजे काकूंच्या सासूबाई. आयुष्यभर थिएटर सिस्टर म्हणून नोकरी केलेली, म्हणून इथली सगळी मराठी मंडळी त्यांना याच नावाने ओळखायची. मला मराठी आकडे येत नाहीत, याचा त्यांना फार राग. अजूनही विशेष येत नाहीत. विशेषतः ते 'एकोण'वाले... एकोणतीस म्हणजे ट्वेंटी नाइन की थर्टी नाइन? मी कायम चुकायचे.

हिवाळ्यात गच्चीवर उन्हात मटार सोलताना त्या दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायच्या आणि मोज म्हणायच्या. मी तीन ओळी बघून सांगायचे, थर्टी. मग त्या डावी मूठ उघडायच्या. आत एक दाणा. "एकोणतीस," त्या म्हणायच्या, 'ण' जरा लांबवत. "एक उणा तीस. अगं, हा आकडा नाही, तक्रार आहे तक्रार. तिसाच्या दारात उभा आहे आणि एक जण आलेला नाही. ओळी मोजू नकोस, दाणे मोज."

मी दहावीला असताना काका रिटायर झाले आणि ते सगळे नाशिकला गेले. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आजींना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण थांबलं. आठ महिने एक शब्द नाही, असं काकू आईला फोनवर सांगायच्या.

तो गुरुवार होता. बाहेर इतकं धुकं की पार्किंगमधल्या गाड्या दिसत नव्हत्या. पहिलंच ऑपरेशन पित्ताशयाचं, पोट उघडून करायचं. पेशंट रोपडच्या एका शाळेतल्या मॅडम. आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "तुसीं अंदर रहोगे ना?" मी हो म्हणून मान डोलावली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — पोट शिवण्याआधी आत वापरलेली गॉझची प्रत्येक पट्टी मोजतात. जेवढ्या दिल्या तेवढ्या परत यायला हव्यात. त्या दिवशी तीस दिल्या होत्या. बादलीतल्या पट्ट्या काढून जमिनीवरच्या कापडावर दहा-दहाच्या ओळीत पसरणं माझं काम. मी पसरल्या. परमजीत दीदींनी बघितलं, "टेन, ट्वेंटी, थर्टी," आणि मला फळ्यावर ३० लिहायला सांगितलं. मी लिहिलं. सर्जन सरांनी टाके घालायला सुई मागितली.

आणि माझ्या डाव्या कानामागून कुणीतरी म्हणालं, "एकोणतीस."

'ण' लांबवलेला. आवाज थोडा दबका, मास्कमधून यावा तसा. हे मला नंतर घरी आल्यावर जाणवलं. आजींना मी आयुष्यात कधी मास्कमध्ये बघितलेलं नाही. मी वळून पाहिलं. मागे भिंत होती. पांढऱ्या टाइल्स आणि घड्याळ. अकरा चाळीस.

भीती वाटली नाही, हे खरं सांगते. गच्चीवर चूक झाली की वाटायचं तसं वाटलं. एक जण आलेला नाही.

"एक कमी आहे," मी म्हणाले. मोठ्याने. मराठीत! जी मी घरात आईशीही मराठी बोलत नाही... सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी म्हणाले, "सर, रुकिए। एक कम है।"

परमजीत दीदी म्हणाल्या, "मैंने गिना है।"

"आपने लाइनें गिनी हैं, दीदी।"

हे मी बोलले यावर माझा आजही विश्वास बसत नाही. सरांनी सुई खाली ठेवली. दीदी खाली वाकल्या आणि एक एक पट्टी चिमट्याने उचलत मोजू लागल्या. तिसऱ्या ओळीत नऊ होत्या. सरांनी पोटात हात घातला. लिव्हरखालून त्यांनी ती पट्टी काढली. रक्ताने इतकी भिजलेली की आतल्या रंगात मिसळून गेली होती. त्यांनी ती वर धरली, मग मास्कवरून माझ्याकडे पाहिलं.

"अच्छा," ते म्हणाले. "तो ये बोलती भी है।"

दीदी मला नंतर बाहेर घेऊन गेल्या. मला वाटलं, आता ओरडणार. त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या, उरलेलं त्यांनी मला दिलं आणि एवढंच विचारलं की तुला कसं कळलं. मी म्हटलं, दिसलं. दुसरं काय सांगणार?

त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं की मोहालीला 'नाही' म्हणून कळवते, मला थिएटरमध्येच राहायचंय. कमी होती ती पट्टी सापडली, एवढंच सांगितलं. आवाजाचं नाही. तो शब्द तर नाहीच. आईला इतका आनंद झाला की तिने लगेच नाशिकला फोन लावला. आजींची गादी आमची पोरगी चालवणार, वगैरे. स्पीकरवर होता, म्हणून मी प्रत्येक शब्द ऐकला.

मेधाकाकूंनी आईला मधेच थांबवलं. त्यांचा आवाज घाईचा होता. म्हणाल्या, "अगं, आज काय झालं ऐक आधी. सकाळचा चहा वगैरे झाला, मी सासूबाईंच्या पलंगाशी बसून मटार सोलत होते. आणि आई बोलल्या! स्पष्ट. एकोणतीस म्हणाल्या. मला वाटलं तारीख विचारताहेत. मी म्हटलं, आई, आज एकोणतीस नाही. तर रागाने मान हलवली आणि डावी मूठ उघडली. आत मटारचा दाणा. ताटातला कधी उचलला, मला कळलंसुद्धा नाही."

किती वाजता, मी विचारलं. काकू म्हणाल्या, घड्याळ कशाला बघतेय, पण साडेअकरा होऊन गेले होते. त्यानंतर आजी परत गप्प झाल्या, त्या आजपर्यंत.

मी थिएटरमध्ये आहे याला आता दीड वर्ष होईल. रोपडच्या मॅडम बऱ्या होऊन घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, तुसीं बड़े चुप रहंदे हो, आणि माझ्या हातावर पिन्नीचा, म्हणजे इकडच्या कणकेच्या लाडवांचा डबा ठेवला. मी अजूनही कमी बोलते. पण मोजताना मोठ्याने मोजते, मराठीत, एक एक. परमजीत दीदींनाही सवय झालीय. एकोणतीस आला की त्या माझ्याकडे बघतात, "इकोण्ती!" म्हणतात आणि तिसावी पट्टी स्वतः मोजतात.

सायकॉलॉजी शिकणाऱ्या एका मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या डोळ्यांनी नऊ पट्ट्या पाहिल्या असणार आणि मेंदूने ओळखीच्या आवाजात तुला सांगितलं. पटलं मला. मग मी विचारलं, आणि नाशिकचा दाणा?

मागच्या महिन्यात ड्युटीच्या मधल्या सुट्टीत मी काकूंना व्हिडिओ कॉल केला आणि फोन आजींसमोर धरायला सांगितला. मग मी विचारलं, "आजी, त्या दिवशी तुम्ही होतात का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग डावा हात हळूहळू वर आणला आणि कपाळाला आठ्या घालून स्वतःच्या नाकावर दोनदा बोट टेकवलं. मला काही कळेना. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःला पाहिलं तर माझा मास्क हनुवटीवर आला होता.

मी तो वर घेतला.