ठकीचा पान्हा

काकूला आमच्या घरात कुणी बांधून ठेवलं नव्हतं. बांधलेली होती ती ठकी, आमची गाय. पण दावं गाईच्या गळ्यात आणि अडकलेली काकू, असा सगळा उफराटा कारभार. ठकीची आई तिला जन्म देऊन मेली, म्हणून काकूनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. ठकीनं त्याचे पांग असे फेडले, की काकूशिवाय कुणाच्या हाताला थेंब सोडायची नाही. काका धार काढायला बसला की लाथ, मी बसले की पान्हा चोरायची. दूध कासेत राहिलं की कास सुजायची, गाय तापानं फणफणायची. त्यामुळे काकू कधी कुठे मुक्कामाला राहिली नाही. लोक म्हणायचे, काय माया! मला त्या मायेचा राग यायचा.

मग तिच्या लेकीचे दिवस भरत आले. पहिल्या खेपेला लेकीचं मूल गेलं, तेव्हाही काकू गोठ्यातच होती. "आई, या वेळी तरी ये गं," लेक फोनवर रडली.

"ठकीला सुई टोचू. तू जा," काका म्हणाला.

गुरांच्या डॉक्टरांनी मान हलवली. "ओळखीचा हात लागला, ओळखीचा आवाज आला, की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानंच पान्हा उतरतो. भ्याली की अडतो. सुईत तेच असतं, पण रोज टोचलंत तर पुढे सुईशिवाय भागणार नाही. त्यापेक्षा दुसऱ्या हाताची सवय लावा." मग काकूकडे बघून म्हणाले, "आणि हे एकतर्फी नसतं बरं का. कुरवाळणाऱ्याच्या अंगातही तेच सुटतं म्हणतात. जीव निवतो."

"म्हणजे दोघींना एकच रोग," काका म्हणाला. काकू हसली नाही.

मी काकूचा न धुतलेला स्वेटर अंगात चढवला आणि तिच्यासारखी गुणगुणत धारेला बसू लागले. आधी काकू शेजारी बसायची, मग दाराशी, मग दाराबाहेर. ठकी थोडीफार नरमली आणि काकू एकदाची लेकीकडे गेली. नात झाली. दोघी सुखरूप. त्याच संध्याकाळी ठकीनं मला बादली भरून दूध दिलं.

मी आनंदानं फोन केला. "काकू, सगळं सोडलं तिनं! आता महिनाभर हलू नकोस."

पलीकडून बारीक आवाज आला, "सगळं? थोडंसुद्धा राखून नाही ठेवलं?"

"नाही गं."

"बरं झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू पिशवीसकट गोठ्याच्या दारात उभी. माझं डोकंच फिरलं. "ओल्या बाळंतिणीला टाकून आलीस? काही वाटलं नाही तुला?"

"डोळ्याला डोळा लागेना गं. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. म्हटलं, नुसतं बघून जाते."

तिनं ठकीच्या मानेवर गाल टेकला. तिचे खांदे सैल झाले. कासेला हात लागलाही नव्हता, तरी सडांतून दूध ठिबकायला लागलं. काकूला रडू फुटलं. "बघितलंस? आता कशी जाऊ मी?"

पिशवीतला फोन वाजत होता. मी काढून तिच्यापुढे धरला. लेकीचा होता. काकूनं पाहिलं, आणि बादली ओढून ती खाली बसली.