लाल पिशवीच्या फांदीवरची फळं

मंगळवार, १२ मार्च. आभाळ स्वच्छ. लेकीचा फोन. संध्याकाळी सहाला लाल पिशव्या बांधल्या.

आपल्या वहीतली ही नोंद मावशींनी तीनदा वाचली, तरी डोक्यातला गुंता सुटेना. जंगलाच्या कडेला असलेल्या संशोधन केंद्रात त्या अकरा वर्षं कामाला होत्या. यंदा एका झाडाच्या संध्याकाळी उमलणाऱ्या फुलांमध्ये पराग कोण पोचवतं, ते शोधायचं होतं. लाल पिशवीच्या फांद्या रात्री झाकायच्या, म्हणजे वटवाघळं लांब. पांढऱ्या पिशवीच्या दिवसा, म्हणजे पक्षी लांब. केंद्रातल्या संशोधक मॅडमची खात्री होती, हे काम वटवाघळांचंच.

फळं मात्र दोन्हीकडे धरली होती.

“एखाद्या संध्याकाळी लाल पिशव्या राहिल्या असतील, मावशी,” मॅडम म्हणाल्या. “वयानं होतं असं. सोमवारपासून रोपवाटिकेत बसा.”

वही दाखवावी, तर मावशींना आठवलं की थकवा येतो म्हणून आपण नोंद घरून निघण्याआधीच करून ठेवतो. मग त्या साक्षीला काय अर्थ? खरंच विसरलो असू का?

“आई, चष्मा डोक्यावर ठेवून तू घरभर शोधतेस,” लेक फोनवर म्हणाली.

“चष्मा शोधते गं. झाड नाही हरवत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी पांढऱ्या पिशव्या बांधल्या. मग लाल सोडल्या आणि एरवीसारखं न निघता शिडीवरच थांबल्या. फुलांत अजून मध होता. दोन शिंजीर पक्षी आले, चोची खुपसून या फुलावरून त्या फुलावर गेले. त्यांच्या कपाळाला पिवळी पूड लागली होती. नऊपर्यंत फुलं गळून पडली. मॅडम रोज दहाला यायच्या.

“उद्या साडेसहाला या,” मावशी एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी मॅडम जांभया देत आल्या आणि बराच वेळ मान वर करून पाहत राहिल्या.

“म्हणजे रात्री वटवाघळं आणि सकाळी हे? दोघंही?”

“मला काय विचारता? मी विसरभोळी.”

मॅडम ओशाळल्या. “सोमवारी इथंच या, मावशी. मीही लवकर येईन.”

तरी घरी जाताना मावशींच्या मनात येतच होतं, एखादी संध्याकाळ राहिली असेलही. कोण सांगणार? त्या दिवशीची नोंद त्यांनी परत आल्यावर लिहिली: पिशव्या बांधल्या. चष्मा फ्रिजवर सापडला.