सहा बेचाळीसची सायकल

फेब्रुवारी १९९८, सोमवार. काम: सुरतेत, पर्वत पाटियाहून कडोदऱ्याकडे जाणाऱ्या सर्व्हिस रोडवर वाहनं मोजायचं यंत्र बसवणं.

आधीच सांगते, मी अशा गोष्टी मानत नाही. तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि वीस वर्षं रस्त्यांच्या कामात काढली होती. अंगात येणं, बाधा, उतारे या सगळ्यावर माझं एकच उत्तर असायचं – आधी डॉक्टरला दाखवा. आजही तेच आहे. फक्त हा एक आठवडा माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या कंपनीला त्या रस्त्याच्या सुरक्षा-तपासणीचं काम मिळालं होतं. साधनं नवीकोरी होती... फ्लॉपीवर फोटो घेणारा डिजिटल कॅमेरा, विटेएवढा जड लॅपटॉप, आणि ही मोजणी यंत्रं. यंत्र सोपं असतं. रस्त्यावर एक फूट अंतराने दोन रबरी नळ्या आडव्या ठोकायच्या. चाक गेलं की नळीतली हवा दाबली जाते आणि खांबाला कुलूप लावून बांधलेल्या डब्यात नोंद होते. कुठली नळी आधी दाबली यावरून दिशा कळते, दोन चाकांमधल्या अंतरावरून वाहन कळतं.

आम्ही नळ्या ठोकल्या सोमवारी दुपारी. मंगळवारी सकाळी पाहतो तर पाइपलाइनवाल्यांनी तो तुकडा दोन्ही टोकांना कमरेएवढे मातीचे ढीग टाकून बंद केलेला! मध्ये आमच्या नळ्या आणि त्यांच्यापुढे कडोदऱ्याच्या बाजूला तीसेक पावलांवर उघडा चर. उपटून काढायला वेळ नव्हता, दुसरी ठिकाणं बाकी होती. म्हटलं, राहू दे, शनिवारी नेऊ. शून्य तर शून्य.

शनिवारी जयेशने, म्हणजे आमच्या तंत्रज्ञाने, तिथेच लॅपटॉप जोडला. रस्ता बंद झाल्यानंतरही शून्य नव्हतं. मंगळवार ते शनिवार, रोज एक नोंद. सकाळी सहा बेचाळीस. सायकल. दिशा – पाटियाहून कडोदऱ्याकडे, म्हणजे त्या बाजूची योग्यच.

"कूतरुं हशे, बेन," जयेश म्हणाला.

"कुत्र्याला चाकं असतात?"

"तो मशीन बगडी गयुं." त्याने नळ्यांवरून स्वतःची सायकल दोनदा नेली, पायाने दाबून पाहिलं, घड्याळ तपासलं. यंत्र ठणठणीत. मग हसून म्हणाला, "भूत होय तोय साइडमां चाले छे, बेन! सुरतमां आवो माणस पहेली वार जोयो."

भूत असूनही नियमाने चालतंय, या विनोदावर मीही हसले. आणि मग हसू थांबलं, कारण मला माझ्याच लॅपटॉपमधलं एक पान आठवलं.

अपघातांच्या यादीत हीच जागा होती. डिसेंबरमध्ये पहाटे एक सायकलस्वार याच चरात पडून दगावला होता. सुपडू, राहणार गोडादरा, यंत्रमागावर कामाला. आम्हाला मिळालेल्या यादीत कारण लिहिलं होतं – रात्रपाळी करून कडोदऱ्याकडून उलट्या बाजूने येत होता. मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं आणि पुढे रकाना भरला होता: चालकाचा दोष. तो रकाना भरला की जागा धोक्याच्या यादीतून आपोआप गळायची. म्हणजे चरापुढे ड्रम, पाटी, दिवा, काही नाही. आणि ती पाइपलाइन अजून कडोदऱ्यापर्यंत खणायची होती. गोडादऱ्याची शेकडो माणसं पहाटे त्याच रस्त्याने कामाला जायची. सोमवारी अहवाल द्यायचा होता. नळ्या मी तशाच राहू दिल्या.

रविवारी सकाळी साडेसहाला मी एकटीच गेले. नुकतं फटफटत होतं. ढिगांची माती मऊ होती, तिच्यावर एकाही टायरचा ठसा नव्हता. डब्याचं झाकण उघडून मी आकड्यावर नजर ठेवून उभी राहिले. भीती वाटत नव्हती. थंडी वाजत होती, आणि आपण मूर्खपणा करतोय असं वाटत होतं.

सहा बेचाळीसला टप्‌-टप्‌ आवाज झाला, जरा थांबून पुन्हा टप्‌-टप्‌. आकडा एकाने वाढला. रस्त्यावर कोणी नव्हतं. वारा नव्हता. मी नळ्यांपासून दोन हातांवर होते.

तिथून रिक्षा करून सरळ गोडादऱ्याला गेले. यादीतला पत्ता होताच. सुपडूची बायको, सिंधूबाई, शेजारणीबरोबर ओट्यावर बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होती. मी रस्त्याच्या कामाची बाई आहे एवढंच सांगितलं. यंत्राचं काही बोलले नाही. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे तिची अहिराणी मला कळत होती.

"ते रात्रपाळीहून परत येत होते का?"

तिची कात्री थांबली. "येई नही ऱ्हायंतात, जाई ऱ्हायंतात. दिवसपाळी व्हती. उलटा कसाले येतीन त्या?"

"कशावरून सांगता?"

"डबा भरेलच वना ना, ताई. दवाखानाम्हाईन, कपडास्नासंगे. भाकरी नि मेथीनी भाजी."

"मीच धोया तो डबा," शेजारीण म्हणाली. "भाकरी गायले टाक्यात. हाईले तर हात लावाले जमेना."

रात्रपाळी करून येणाऱ्याचा डबा रिकामा असतो, हा भरलेलाच परत आला होता. एवढी साधी गोष्ट!

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"माले कोनी इचारंच नही." मग साडी उलटवत तिने मलाच विचारलं, "लोके म्हंतस त्यास्नीच चूक व्हती. तुम्हना कागदवर बी तेच शे का?"

मी खोटं बोलत नाही. "आहे," म्हटलं. "आज बदलते."

संध्याकाळी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो बाई, यंत्राच्या त्या नोंदी अहवालात जोडू नका, लोक हसतील."

"यंत्राचं नाही लिहीत. जेवणाच्या डब्याचं लिहितेय."

लिहिलं. दिशा: पर्वत पाटियाहून कडोदऱ्याकडे, योग्य बाजूने. आधार: घरच्यांची व शेजाऱ्यांची माहिती, भरलेला डबा. कारण: रस्त्याचा दोष – उघडा चर, पाटी नाही, दिवा नाही. जागा यादीत परत आली आणि तिच्यासोबत पाइपलाइनचा पुढचा सगळा तुकडाही.

यंत्राचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पहाटेच्या गारव्याने नळीतली हवा आकसते, असं नंतर यंत्राच्या कंपनीचा माणूस म्हणाला. मग मी विचारलं, रोज त्याच मिनिटाला, त्याच दिशेने, सायकलीच्याच चाकांच्या अंतराने आकसते? त्यावर तो चहा प्यायला. ते यंत्र पुढे दोन वर्षं वापरलं, दुसरीकडे कुठेही चुकलं नाही.

सोमवारी पहाटे मी आणि जयेश टेम्पो घेऊन गेलो. रंगाचे दोन रिकामे ड्रम आणले होते, चुना फासलेले. अहवाल मंजूर होईपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. ते पाटियाच्या बाजूच्या ढिगापुढे ठेवले, वर लाल कंदील टांगला. मग आत जाऊन खिळे उपटले, नळ्या गुंडाळल्या, यंत्र बंद करून डबा टेम्पोत टाकला. सगळं आवरून रस्त्यात मधोमध उभे राहून हात झटकत होतो, तेव्हा माझं घड्याळाकडे लक्ष गेलं. सहा एक्केचाळीस.

मी कडेला सरकून उभी राहिले. जयेशने माझ्याकडे पाहिलं, हातातली पहार उचलली आणि तोही कडेला आला.

दोन मिनिटं थांबलो. मग पुढच्या ठिकाणी गेलो.