‘मोकळं!’ म्हणणारा माणूस

झाडावर मशिनची करवत चालवण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. वरचा माणूस ओरडतो, “खाली?” खालचा माणूस रस्ता बघतो, फाटक बघतो, भिंतीपलीकडचं अंगण बघतो आणि ओरडतो, “मोकळं!” हे उत्तर आल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो मोडणारी माणसं या धंद्यात फार काळ दिसत नाहीत.

झाडवाल्यांनी हा प्रश्न आयुष्यभर एकाच माणसाला विचारला. तो त्यांचा मेहुणा.

झाडवाले पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे. मनगटं मात्र दुसऱ्या कुणाची तरी आणून लावल्यासारखी जाड. वाळलेल्या, वाकलेल्या, घरावर आलेल्या फांद्या उतरवणं हे त्यांचं काम. पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत दोरांची वेटोळी खुंट्यांवर टांगलेली असतात, दोन करवती पुसून वर्तमानपत्रावर ठेवलेल्या असतात, आणि कंबर-मांड्यांना बांधायचा चढाईचा पट्टा एकुलत्या एका खुर्चीवर पडलेला असतो. पाहुणा आला तर खुर्ची रिकामी करावी लागते. पाहुणे येत नाहीत, त्यामुळे अडत नाही. बायको होती तोवर हे सगळं सामान बाल्कनीत असायचं. “हे घर आहे की जहाज?” असं ती विचारायची. ती गेली, मूलबाळ नव्हतं, आणि सामान हळूहळू आत आलं.

मेहुणा तिचा धाकटा भाऊ. लग्नानंतर वर्षभरातच तो भावोजींच्या हाताखाली लागला. खालच्या माणसाचं काम वरच्यापेक्षा कमी दिसतं, पण सोपं नसतं. करवत दोराला बांधून वर पाठवायची. जड फांदीचा दोर बुंध्याला वेढे देऊन धरायचा आणि फांदी हळूहळू खाली सोडायची. खाली आलेल्या लाकडाचे मोठ्या करवतीनं तुकडे करायचे. आणि सतत बघत, ऐकत राहायचं. झाडवाल्यांच्या हेल्मेटला कान झाकणाऱ्या वाट्या आहेत. उत्तर ऐकायच्या वेळी ते एक वाटी वर उचलतात. मेहुण्यानं कधीच कान झाकले नाहीत. झाडवाल्यांनी दोनदा वाट्या आणून दिल्या, दोन्ही वेळा त्या टेम्पोच्या खणात पडून राहिल्या.

“कान झाकले तर तुमचं ऐकणार कोण, भावोजी?”

“अरे, म्हातारपणी बायकोचं ऐकायला तरी ठेव काही.”

“तिचं ऐकायचं नाही म्हणूनच तर झाकत नाही.”

विनोद ठरलेला होता, दोघांना पाठ होता. इतक्या वर्षांचा करवतीचा आवाज सरळ त्याच्या कानांत जात राहिला.

घटना घडली ती एका बंगल्यापाशी. झाडाची एक जाड फांदी बाहेरच्या गल्लीवर आली होती. झाडवाल्यांनी कमरेभोवतीचा दुसरा पट्टा खोडाला अडकवला, खाली पाहिलं, प्रश्न विचारला. “मोकळं!” आलं. करवत लाकडात शिरली. फांदी तुटायच्या बेतात असताना झाडवाल्यांच्या, वाटी अजून वरच राहिलेल्या कानाला सायकलची घंटा ऐकू आली. वळणावरून वाजत आलेली, लांबलचक. थांबायला उशीर झाला होता. एक बाई सायकलवरून मेहुण्याच्या मागून पुढे गेली आणि फांदी तिच्या मागच्या चाकाच्या वीतभर मागे पडली.

बाई उतरली. आधी तिला सायकल धरता येईना, मग बोलता येईना, आणि मग बोलणं थांबेना.

“बहिरा आहेस का रे? कधीची घंटा वाजवतेय! आज माझी पोरं पोरकी झाली असती!”

मेहुणा हात जोडून उभा होता. त्याची नजर तिच्या डोळ्यांकडे नव्हती, ओठांकडे होती. ‘बहिरा आहेस का’ हे वाक्य लोक शिवी म्हणून देतात. झाडवाल्यांना वर बसल्या बसल्या ती माहिती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर त्यांनी नेहमीसारखा दुसरा पट्टा अडकवला, नेहमीसारखं खाली पाहिलं आणि ओरडले, “तुझ्या पायाशी साप आहे!”

मेहुण्यानं रस्ता बघितला, फाटक बघितलं, भिंतीपलीकडे बघितलं.

“मोकळं!”

आवाज खणखणीत होता. झाडवाल्यांनी ती फांदी कापली नाही. थोड्या वेळानं, पट्ट्याला हात न लावता, त्यांनी त्याला नावानं हाक मारली. मग पुन्हा मारली. तो पाठमोरा, लाकडाचे तुकडे रचत राहिला. पट्टा अडकवला, मान खाली वळली, की उत्तर द्यायचं, असा त्याचा हिशोब होता. तो डोळ्यांनी ऐकत होता, आणि पाठीला डोळे नसतात.

त्या दिवशीचं उरलेलं काम झाडवाल्यांनी हातकरवतीनं केलं. बारीक फांद्या कापल्या, त्या हातात धरल्या, एकेक करून खाली टाकल्या. मेहुण्यानं कारण विचारलं नाही.

शनिवारी ते सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं हेल्मेटमध्ये बसवायचा बोलण्याचा संच दाखवला. दोघांच्या तोंडाशी माईक, दोघांच्या कानात आवाज, मशिन चालू असताना सुद्धा.

“कुजबुजलात तरी ऐकू येईल,” दुकानदार म्हणाला.

“खालच्याला ऐकूच येत नसेल तर?”

दुकानदार हसला. “मग त्याला घरी बसवा की हो. तुम्हाला काय जीव जड झालाय कुणाचा?”

झाडवाल्यांनी संच परत खोक्यात ठेवला आणि तसेच निघाले. दोन पर्याय त्यांना दिसत होते. मेहुण्याला तसंच उभं करायचं आणि पुढच्या सायकलवालीची वाट बघायची, किंवा एकट्यानं चढायचं. एकट्यानं चढणारे असतात. वर काही झालं तर उतरवायला कुणी नसतं, पण खालच्याला ऐकू येतं असं नाटकही करावं लागत नाही. दुसरा माणूस ठेवायचा विचार त्यांच्या मनात तेव्हा आला नाही, असं ते सांगतात. आला असता तर त्याचा अर्थ मेहुण्याला काढून टाकणं असा झाला असता, आणि मेहुण्याखेरीज त्यांच्याशी रोज बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

सांगणं भाग होतं. अडचण अशी, की जे हळू आवाजात सांगायचं ते ओरडून सांगावं लागणार होतं. सोमवारी सकाळी त्यांनी टेम्पो कडेला घेतला आणि दोन्ही काचा वर केल्या.

“तुला ऐकू येत नाही!”

मेहुण्यानं समोरच्या काचेकडे बघत मान हलवली. “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

त्यानं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. “झाले की बरेच दिवस. एका कानानं चालत होतं, मग तोही गेला.”

“आणि मला बोलला नाहीस? ती बाई मेली असती! तुरुंगात गेलो असतो दोघंही!”

“बोललो असतो तर तुम्ही काय केलं असतं, भावोजी?”

झाडवाल्यांनी आधीच बंद असलेली काच पुन्हा फिरवून बघितली.

“एकटे चढला असता,” मेहुणा म्हणाला. “दुसरा माणूस तुम्ही ठेवला नसता. ताई गेल्यापासून तुम्ही दुधवाल्याशी सुद्धा बोलत नाही. मी म्हटलं, जमतंय तोवर उभा राहतो. त्या बाईच्या दिवसापासून जमत नाही, हे मलाही कळलंय. मला झोप नाही लागलेली.”

मग त्यानं अट घातली. तो काम सोडेल, पण भावोजींनी एकट्यानं चढायचं नाही. बोलण्याचा संच घ्यायचा आणि ऐकू येणारा माणूस ठेवायचा. झाडवाल्यांनी हो म्हटलं. ते इतकं हळू म्हटलं, की मेहुण्यानं विचारलं, “काय?” त्यांना पुन्हा ओरडून हो म्हणावं लागलं. टेम्पोशेजारून जाणारा एक माणूस दचकून आत बघायला लागला.

मेहुणा आता एका रोपवाटिकेत कुंड्या भरतो. त्याला कानात घालायचं यंत्र मिळालं आहे. घरात ते चालतं, चार माणसं बोलायला लागली की सगळी खिचडी होते. झाडवाले रविवारी त्याच्याकडे जातात. मेहुण्याची बायको चहा देते, टीव्हीचा आवाज कमी करते. मग दोघांना विषय सुचत नाही. पूर्वी बोलायला झाड असायचं. फांदी कुठून धरायची, कुठे सोडायची, दोर कुठून घ्यायचा. आता झाडवाले एखादं वाक्य ओरडतात, मेहुणा मान डोलावतो, आणि ते कळलं की नाही हे विचारायला पुन्हा ओरडावं लागेल म्हणून ते विचारत नाहीत. अलीकडे ते एखादा रविवार चुकवतात.

नवा माणूस चाळिशीचा आहे. आधी बांधकामावर क्रेनखाली उभा राहायचा. कामाला चोख आहे. कान झाकतो, हेल्मेट काढत नाही, उत्तर द्यायच्या आधी सगळीकडे बघतो. “मोकळं, दादा,” हे शब्द झाडवाल्यांच्या कानात शेजारी बसून बोलल्यासारखे येतात. दुपारी तो फोनवर घरच्यांशी बोलत जेवतो. त्यात त्याची काही चूक नाही.

एकच गोष्ट झाडवाल्यांनी आधी हिशोबात धरली नव्हती. वर काम करताना त्यांना बोलायची सवय होती. फांदीला दटावायचं, दोराला शिव्या द्यायच्या, कधी बायकोला सांगायचं की आज भाजी कशी बिघडली. मशिनच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नसे. संचाचा माईक मात्र सगळं उचलतो. पहिल्याच आठवड्यात कानात आवाज आला, “दादा, मला काही म्हणालात?”

“नाही,” झाडवाले म्हणाले.

तेव्हापासून ते झाडावर तोंड मिटून काम करतात.