बसभर लेखक आणि एक वाचक

जाधव सरांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, संभाजीनगरला दोन दिवसांचं संमेलन आहे. परिसंवादात बोलायला याल का? येणं-जाणं, राहणं, जेवण आमच्याकडं. मानधनाचं म्हणाल तर..." इथं सर इतका वेळ खोकले की मीच "असू द्या हो" म्हणून त्यांची सुटका केली. विषय होता 'बदलते जग आणि प्रवासलेखन : दिशा आणि आव्हाने'. यातला 'प्रवासलेखन' शब्द काढून कुठलाही दुसरा घातला तरी परिसंवाद तसाच होतो, हे मला नंतर कळलं.

आता मी का गेले ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या उचापती समजतील. आठवडी बाजारांवरचं माझं पहिलं पुस्तक येऊन दीड वर्ष झालं होतं. दोन्ही नणंदांनी वाचलं, मावसभावाने वाचलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने वाचल्याचं सांगितलं. पण ज्याचं माझ्याशी काही नातं नाही, ज्याला माझ्या तोंडावर वाईट म्हणायची चोरी नाही, असा एकही वाचक मला भेटला नव्हता. दुसरं पुस्तक अर्ध्यावर अडलं होतं. परकं कोणी वाचणारच नसेल तर पूर्ण कशाला करायचं, असं मनाशी ठरवतही आणलं होतं. म्हटलं, जाऊन बघू. एक परका वाचक दिसला तर लिहायचं, नाहीतर निमूटपणे मेथी निवडायची.

नाशिकहून एसटीने जायचं असेल तर सकाळी लवकरची गाडी धरा. येवल्याला चहा मिळतो, वैजापूरला बस जरा रेंगाळते, आणि धरून-सोडून पाचेक तास जातात. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे आम्ही बायका हल्ली जरा जास्तच साहित्यसेवा करू शकतो. कंडक्टरने माझी बॅग सीटखाली सरकवायचा प्रयत्न केला आणि तो कमरेत वाकलेलाच राहिला.

"ताई, विटा हायत का काय ह्यात?"

"पुस्तकं आहेत."

"मंग एकच झालं की. तिकीट अर्धं अन् वजन डबल."

वाळूजच्या आसपास कंपन्यांच्या बसगाड्या दिसायला लागल्या की समजायचं, आलं शहर. स्टँडवरून उस्मानपुऱ्याला, म्हणजे संमेलनाकडे, रिक्षा करताना भाव आधी ठरवा. मी ठरवला नाही, कारण मी निमंत्रित वक्ता होते आणि त्याच गुर्मीत होते.

लॉजवर माझ्या खोलीत परभणीच्या सुमनताई होत्या. साठी ओलांडलेल्या, कविता करणाऱ्या, आणि संमेलनं कोळून प्यायलेल्या. माझी बॅग बघून त्या पलंगावर बसून हसल्या.

"पहिलीच वेळ दिसतीय! अगं, संमेलनाला बॅग भरून आणायची नसती. मोकळी आणायची."

त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कळला. पोह्याची बशी हातात घेतली न घेतली तोच एक गृहस्थ आले, "सप्रेम भेट" म्हणत स्वतःचा गझलसंग्रह माझ्या काखेत खोचला आणि तिथंच उभे राहिले. जाईनात. आपल्याकडे शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तसंच हे. मी धावत खोलीत गेले आणि माझं एक पुस्तक सही करून त्यांना दिलं. ते पाहून आणखी दोघं आले. मग एक बालसाहित्यकार, एक समीक्षक, एक आत्मचरित्र. संमेलनाच्या अध्यक्षांना तर मी स्वतः होऊन दिलं, 'आदरणीय सरांना' असं वळणदार अक्षरात लिहून. सुमनताईंनाही दिलं. दुपारपर्यंत माझी सगळी पुस्तकं संपली. बॅगेचं वजन मात्र तसूभर कमी झालं नाही, आता त्यात इतरांची पुस्तकं होती, पैकी सहा कवितासंग्रह. एकाही पुस्तकाचा एकही रुपया कोणी कोणाला दिला नव्हता, आणि सगळे खूश होते. लेखकांच्या संमेलनात लेखकच लेखकांना पुस्तकं वाटतात, आणि वाचायला कोणाकडेच वेळ नसतो.

परिसंवाद सकाळी होता. म्हणजे पत्रिकेत होता. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, दुसरं स्वागतगीत, मग सत्कार. शाल, श्रीफळ आणि पुस्तक. मंचावरच्यांचे झाले, मंचाखालच्यांचे झाले, माइकवाल्याचाही झाला. मधेच पुस्तकं कमी पडली म्हणून जाधव सर घाम पुसत सभागृहात फिरले आणि मिळतील तेवढी गोळा करून घेऊन गेले. अध्यक्ष "मी थोडक्यात सांगतो" म्हणाले तेव्हा सुमनताईंनी चपला काढून पाय वर घेतले. जेवणानंतर आमची पाळी आली तेव्हा चार वाजायला आले होते. माझ्या आधीच्या दोघांनी दिशा घेतल्या, आव्हानं माझ्यावर सोडली. मी उठले तशी चिठ्ठी आली : 'वेळेअभावी पाच मिनिटे'.

टाइप केलेलं भाषण वीस मिनिटांचं होतं. भाषण खुर्चीवर तसंच ठेवलं आणि एका वाक्यानंतर मेंढीबाजाराची गोष्ट सुरू केली. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडाने करत नाहीत, रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबून करतात, म्हणजे बाजूच्याला भाव कळत नाही. एका बाजारात मी कुतूहलाने विचारलं, "आत नेमकं काय करता?" म्हातारा व्यापारी म्हणाला, "घाला हात." मी घातला. त्याने माझी बोटं दाबली, मी शिष्टाचार म्हणून त्याची दाबली. त्याने पुन्हा दाबली, मीही पुन्हा दाबली. रुमाल निघाला तेव्हा मेंढी माझी झाली होती. सभागृह हसलं. मी म्हटलं, "घरी मी भाजी आणायला जाते म्हणून सांगितलं होतं." आणखी मोठा हशा. गंमत म्हणजे हे भाजीचं वाक्य संपादकांनी 'अनावश्यक' म्हणून कापायला सांगितलं होतं आणि मी भांडून ठेवलं होतं. ज्या वाक्यांवर मी महिनाभर घासाघीस केली होती, त्यातलं एक सुरुवातीलाच फेकून बघितलं होतं, तर पहिल्या रांगेत जांभई आली. टेबलाशी बसून हे कधीच समजत नाही. केवळ एवढ्यासाठी लेखकाने वर्षातून एकदा तरी माइकपुढे उभं राहावं.

"...आणि मग ती मेंढी घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले, आणि तेवढ्यात—"

घंटा वाजली. अध्यक्षांनी हात जोडले. मी मेंढीसकट खाली बसले, आणि आतून जळफळले.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई जवळ आल्या. पस्तिशीच्या, कंपनीचा निळा शर्ट, वर ओढणी, हातात डबा.

"मॅडम, मेंढीचं पुढं काय झालं?"

"पुस्तकात आहे," मी जरा घुश्शातच म्हणाले.

"मंग द्या की पुस्तक. कितीला हाय?"

मी आधी नाव-गाव विचारलं. त्यांचं नाव रेखा. दौलताबादच्या. वाळूजला पहिली पाळी करून उस्मानपुऱ्यात लेकीच्या क्लासच्या चौकशीला आल्या होत्या. "खरं सांगू का, ऊन लई व्हतं. पंख्याखाली बसावं म्हणून आत आले. मंग मेंढ्यांचं निघालं अन् हालताच यीना. आमच्या घरी बी मेंढ्याच हायत, दीर चारतो. आमच्या सासूला तर कुणी असं फसलेलं ऐकलं की लई बरं वाटतं."

सकाळचा परिसंवाद वेळेवर झाला असता तर ही बाई तेव्हा वाळूजला मशीनवर असती. आजवर उशीर करणाऱ्या सगळ्या अध्यक्षांना मी मनोमन माफ केलं. आणि लगेच आठवलं. परका वाचक समोर उभा, पैसे काढतोय, आणि माझ्याकडे माझं एकही पुस्तक नाही!

"उद्या आणून देते," मी म्हणाले. "उद्या आमची सहल दौलताबादलाच आहे."

"मंग बरंच झालं. उद्या सुट्टी हाय मला. किल्ल्यापुढं सासू सीताफळं घेऊन बसती, तिथंच असते मी."

खोलीवर येऊन मी सुमनताईंपुढे हात पसरले. "माझं पुस्तक परत द्या."

त्या पहिल्यांदाच ओशाळल्या. "अगं, जाधव पुस्तकं मागत फिरत व्हते ना? मी तुझं दिलं. अध्यक्षांच्या सत्काराला."

तेवढ्यावर थोडं रडू आलं. खरंच आलं. सुमनताईंनी मला उठवून शहागंजाकडे नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला नेलं. तिथं गेलात तर गर्दीच्या आत जा, नान ताजे मागा आणि रस्सा दोनदा घ्या. सुमनताई शाकाहारी आहेत, त्यामुळे त्यांनी फक्त रस्सा घेतला. तीन वेळा.

सकाळी मिनीबस निघाली. स्वतःच्या खर्चाने जाणार असाल तर मध्यवर्ती स्टँडवरून वेरूळ-खुलताबादकडच्या गाड्या दौलताबादवरून जातात, सोबत पाणी घ्या आणि ऊन चढायच्या आत गड चढा. मी पाण्याच्या नव्हे, पुस्तकाच्या मागे होते. वाटेतलं मिटमिटा गाव येईपर्यंत मी प्रत्येक सीटपाशी जाऊन आले. गझलवाल्यांचं लॉजवर राहिलं होतं. आत्मचरित्रवाल्यांनी रात्रीच भाच्याबरोबर गावी पाठवलं होतं. समीक्षक म्हणाले, "अहो, सोडवत नाही. काय कादंबरी जमलीय!" बालसाहित्यकार झोपेचं सोंग घेऊन बसले.

उरले अध्यक्ष. पुढच्या सीटवर, शाल पांघरून.

"सर, माझं पुस्तक तुमच्याकडे दोनदा आलंय. एक मी दिलेलं, एक सत्कारातलं."

"दोन्ही एकच आहेत?" सर दचकले. "मला वाटलं दोन भाग आहेत. दुसरा मी आधी चाळायला घेतला, म्हटलं पहिला सावकाश वाचू."

सुमनताईंनी तोंडात पदर कोंबला.

"त्यातलं एक मिळेल का? एका वाचकाला द्यायचंय. विकत मागतायत."

झोपलेले बालसाहित्यकार जागे झाले. "विकत?" गझलवाले मागून म्हणाले. "म्हणजे... नात्यातले?"

"नाही. अगदी परक्या."

सरांनी पिशवीतून पुस्तक काढलं. आत 'प्रिय सुमनताईंना' लिहिलेलं होतं. पण आता पुस्तकाकडे कोणाचं लक्षच नव्हतं, सगळे पिशव्या उघडून आपापली पुस्तकं चाचपत होते.

दौलताबादला किल्ल्याकडे एकही लेखक वळला नाही. चांदमिनार बिचारा उभाच राहिला. अख्खी बस उतरली आणि माझ्यामागून सीताफळांच्या टोपल्यांकडे निघाली. रेखाताई उठून उभ्या राहिल्या, शेजारी नऊवारीतली त्यांची सासू पोत्यावर बसलेली. मी पुस्तक पुढे केलं, नाव खोडायला पेन काढलं.

"ऱ्हाऊ द्या," रेखाताई म्हणाल्या. "सुमनताईला नको असंल म्हणून मला आलं. चांगलंच झालं." आणि त्यांनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडून पैसे मोजले.

"अहो, राहू द्या, भेट समजा."

"नाय. फुकटचं कुणी वाचत नसतं, मॅडम."

माझ्यामागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी हे ऐकलं. तरी राहवतंय थोडंच? गझलसंग्रह पुढे आला, आत्मचरित्र आलं, समीक्षा आली, अध्यक्षांनी समग्र कवितांचा जाडजूड ग्रंथ दोन्ही हातांनी दिला. सप्रेम भेट, सप्रेम भेट. पोत्यावर ढीग झाला. म्हातारीने तो नीट पाहिला, आम्हाला नीट पाहिलं, आणि सुनेला म्हणाली, "एवढ्या मानसांनी दिलंय. मोकळ्या हातानं धाडू नको." आणि तिने प्रत्येक लेखकाच्या ओंजळीत दोन-दोन सीताफळं ठेवली. बसमध्ये चढताना त्यांच्या अंगाखांद्यावर जो आनंद होता, तो मी आदल्या दिवशी कुठल्याच शालीवर पाहिला नाही.

मला एकही सीताफळ मिळालं नाही. माझा व्यवहार रोख झाला होता.

घरी येऊन महिना झाला. लोक विचारतात, अशा संमेलनांचा लेखकाला काय उपयोग? मी सांगते, जा. नुसते ऐकायला जाऊ नका, बोलायला जा. पुस्तकं वाटा, पण दोन प्रती कपड्यांखाली लपवून ठेवा. आणि गोष्ट अशा बेताने सांगा की घंटा मेंढीपाशी वाजेल. मी सहा कवितासंग्रह खरंच वाचले. त्यातले सुमनताईंचे इतके आवडले की त्यांना रात्री फोन करून तासभर बोलले. हेही तिथं गेल्याशिवाय झालं नसतं.

परवा रेखाताईंचा फोन आला.

"मॅडम, झालं वाचून. रोज थोडं थोडं सासूला वाचून दावलं. ती म्हनती, मेंढी परत इकताना तुम्ही लईच येड्यात निघाला."

"आणि बाकीची पुस्तकं?"

"ते जाडं हाय ना, त्याचं कोकरानं अर्धं खाल्लं. त्या सरांना सांगू नका. पर म्या कशाला फोन केला, सासू दुपारची इचारती, आज काय वाचायचं? तुमचं दुसरं हाय का?"

टेबलावर ती अर्धवट पानं तशीच पडली होती, वर धूळ.

"आहे ना," मी म्हणाले. "पुढच्या दिवाळीपर्यंत पाठवते."

फोन ठेवला, धूळ झटकली आणि लिहायला बसले. आता थापच मारली म्हटल्यावर दुसरा उपाय नव्हता.