चिमीचा खेळ मी संपवला

गड्यांनो, हे कार्ड सगळ्यांनी मिळून वाचा. आज दुपारपासून मला फार लाज वाटते आहे.

सध्या परंदवडीला अक्काकडे आहे. वाल, हरभरे, चवळी एकत्र करून ती आपल्या चार वर्षांच्या लेकीला, चिमीला, तीन करवंट्यांत निवडायला देते. मला चिमीला घेऊन वडगावला रेल्वेचं इंजिन बघायला जायची घाई. ती एकेक दाणा बोटांत फिरवत बसलेली. मी सगळे भराभर निवडून टाकले. जन्मात एक काम पुरं केलं, ते हे!

अक्का म्हणाली, "अरं, मला का ते शिजवायचेत? तिचा हात वळावा म्हणून देते."

मी दाणे पुन्हा मिसळले. चिमीनं करवंट्या माझ्याकडे सरकवल्या. "मामा, तूच खेळ. मी बगते."

अजून तिनं दाण्याला हात लावलेला नाही. पोरंबाळं असलेल्यांनो, आता काय करू?