पऱ्हाटीची पहिली गाडी

“मागंच सांगितलं की किशनराव, माझी गाडी तुमच्या बांधावरून जाईल, वावरात यायची न्हाई.”

धम्मशीलाच्या हातात ग्रीसचा डबा होता. समोर किशनराव उभे. मानवतकडच्या रस्त्याला लागून त्यांचं वावर, कापूस वेचून महिना झाला तरी पऱ्हाटीची वाळकी झाडं तशीच उभी. गावातल्या बाकी सगळ्यांची पऱ्हाटी धम्मशीलाच्या कारखान्यात गेली होती. तिथं मशीनच्या पात्यानं तिचा भुगा करून, उन्हाच्या तापावर वाळवून, दाबून जळणाच्या कांड्या पाडतात, आन् जिनिंगवाले त्या कांड्या बॉयलरात कोळशाच्या जागी घालतात.

किशनरावांना दुसरी वाट नव्हती. पऱ्हाटी जाळायला ग्रामसभेची बंदी. मजूर आन् ट्रॅक्टर, दोन्ही धम्मशीलाच्या कामावर. तिचं मन मोडून त्यांच्या वावरात जायला कुणी तयार न्हाई.

ही धम्मशीला त्यांच्याच वावरात बारा वर्षं राबलेली. दर उन्हाळ्यात चिमटा लावून पऱ्हाटी उपटायची. परभणीला कांड्या पाडायचं शिकून आली तवा बँकेनं जामीनदार मागितला. किशनराव येतो म्हणाले. ती कागदाची पिशवी घेऊन दहापासून चारपर्यंत बँकेच्या पायरीवर बसली, आन् हे समोरच्या हॉटेलात चहा पीत तिच्याकडं बघत बसले. दुसऱ्या दिवशी पारावर म्हणाले, “माझ्या वावरात वाकणारी माणसं माझ्या सहीवर उभी ऱ्हायली, तर वाकायचं कुणी?” पार लय हसला.

तीन वर्षांनी नव्या तऱ्हेच्या स्वच्छ इंधनाच्या कारखान्यांना सरकारनं कर्जाची हमी द्यायचं ठरवलं. जमीन तारण नको, जामीनदार नको. त्याच बँकेनं तिला बोलावून कर्ज दिलं. कारखाना उभा राहिला, पण पारावरचं हसणं ती विसरली न्हाई.

आता अडचण तानुबाईची होती. तिचं वावर किशनरावांच्या बांधाला लागून. उभ्या पऱ्हाटीतली बोंडअळी पुढच्या सालच्या कापसात उतरणार. ती धम्मशीलाला म्हणाली, तुझा राग खराय बाई, पर अळीला राग कळत न्हाई.

धम्मशीलानं डबा खाली ठेवला.

“घेते. पर पहिली गाडी तुमी सोता उपटायची. मजूर दिसला तर एक काडी घेणार न्हाई. बाकीची माझी माणसं काढतील.”

“माझं वय तर बघ, बाई.”

“माझी माय सत्तरीत तुमचीच पऱ्हाटी उपटायची. तवा कुणी बघितलं वय?”

किशनरावांनी दुसऱ्याच दिवशी चिमटा हातात धरला. सारं गाव मुद्दाम त्या रस्त्यानं जायचं. पांढऱ्या धोतरातला माणूस चिमटा लावून वाकलेला, चार धांड्यांनंतर कंबर धरून उभा. कुणी हसलं न्हाई. बघत मात्र सगळे होते.

आठव्या दिवशी बैलगाडी फाटकात आली. किशनरावांच्या दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली. तानुबाई वजनकाट्याजवळच उभी होती. धम्मशीलानं गाडीतला एक धांडा ओढला, खांबावर आपटला. मुळाची माती खाली पडली.

“मातीनं पातं बोथट होतंय. झाडून आणा, समदी.”

तानुबाई तिच्या कानाशी लागली, आता पुरे कर म्हणून.

“आजून न्हाई,” धम्मशीला म्हणाली.

किशनरावांनी बैल वळवले. गाडी फाटकातून पुरती निघालीही नव्हती, तोवर तिनं मशीनचं झाकण उघडलं आन् पात्याच्या नटाला पाना लावला. ते जुनं पातं तसंही आजच बदलायचं होतं.